नोंद क्रमांक १९१४ : साताऱ्यातील एका शालेय नोंदवहीचे वाचन

जुन्या शाळांच्या कपाटांत जतन झालेल्या वस्तूंपैकी दिसायला सर्वांत साधी आणि इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रवेशाची नोंदवही होय. चषक, ढाली, देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या, पृथ्वीचा गोल आणि प्रयोगशाळेतील पितळी उपकरणे पाहुण्यांना दाखवली जातात, शताब्दीच्या स्मरणिकेत त्यांची छायाचित्रे येतात. नोंदवही मात्र कार्यालयातील लोखंडी कपाटात पडून राहते आणि कोणाला जुना दाखला हवा असेल तेव्हाच बाहेर निघते. तरीही शाळेत कोण आले, कोठून आले, कोणत्या वर्गात बसले आणि केव्हा गेले, हे त्या त्या दिवशी लिहून ठेवणारा दस्तऐवज हाच असतो. महाराष्ट्रात याचे सर्वांत ठळक उदाहरण साताऱ्याच्या राजवाडा परिसरातील छत्रपती प्रतापसिंह हायस्कूलमध्ये आहे. ही शाळा पूर्वी सातारा गव्हर्नमेंट हायस्कूल या नावाने ओळखली जात असे. तिच्या नोंदवहीत ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झालेल्या एका विद्यार्थ्याचे नाव भिवा रामजी आंबेडकर असे नोंदलेले असून नोंदीचा क्रमांक १९१४ आहे, आणि त्या क्रमांकासमोर त्या बालविद्यार्थ्याची स्वाक्षरी आहे. शाळेने ही वही आजवर जपली आहे. पुढे भारतीय संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या माध्यमिक शिक्षणाचा प्रारंभ या एका ओळीत नोंदला गेला आहे.

ही ओळ नीट वाचण्यासाठी तीमधील प्रत्येक शब्दामागची व्यवस्था समजून घ्यावी लागते. ‘इंग्रजी पहिली’ म्हणजे आजची पहिली नव्हे. मुंबई इलाख्यातील तत्कालीन रचनेत मुलाने आधी देशी भाषेतील, म्हणजे आपल्याकडे मराठीतील, प्राथमिक इयत्ता पूर्ण करायच्या आणि नंतर इंग्रजी शाळेत प्रवेश घ्यायचा असे. तेथे पहिलीपासून सातवीपर्यंत पुन्हा नव्याने मोजणी होत असे आणि शेवटी विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा येत असे. म्हणून इंग्रजी पहिली ही ढोबळमानाने आजच्या पाचवीशी जुळते. भिवाचे आधीचे शिक्षण साताऱ्यातीलच कॅम्प स्कूलमध्ये, म्हणजे लष्करी छावणीच्या भागातील शाळेत झाले होते. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेला हा मुलगा या प्रवेशाच्या वेळी साडेनऊ वर्षांचा होता. त्याचे वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक राहिलेले, निवृत्तीनंतर दापोलीमार्गे साताऱ्याला आलेले गृहस्थ होते. आई भीमाबाई साताऱ्यातच वारल्या होत्या आणि मुलांचा सांभाळ आत्या मीराबाई करीत होत्या. सरकारी शाळेत मुलाला इंग्रजी शिकण्यासाठी घालणे हा त्या काळी कोणत्याही सामान्य कुटुंबासाठी खर्चाचा आणि धाडसाचा निर्णय होता. रामजींनी तो घेतला यामागे पलटणीतील शिक्षणाची परंपरा होती, कारण कंपनी सरकारच्या आणि नंतर राणीच्या फौजेत शिपायांना व त्यांच्या मुलांना अक्षरओळख देणाऱ्या शाळा चालत आणि महार समाजातील अनेक घरांत साक्षरता त्याच वाटेने पोहोचली होती.

नोंदवही नावाची ही वस्तू शाळांमध्ये आली ती आधुनिक शिक्षणखात्याबरोबर. गावोगावच्या पंतोजींच्या शाळांत मुले धुळाक्षरे गिरवीत, तोंडी हिशेब शिकत आणि पंतोजींना धान्य किंवा पैसा मिळे. परंतु मुलांची कायमस्वरूपी लेखी यादी ठेवण्याची गरज तेथे कोणाला भासत नव्हती. १८५४ च्या वुडच्या खलित्याने, म्हणजे कंपनीच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष चार्ल्स वुड यांच्या शिक्षणविषयक आदेशपत्राने, प्रत्येक इलाख्यात शिक्षणखाते उभारण्यास आणि खासगी शाळांना अनुदान देण्यास मान्यता दिली. अनुदान आले की तपासणी आली आणि तपासणीसाठी कागद आला. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्याचे शिक्षणसंचालक अलेक्झांडर ग्रँट यांनी निकालावर आधारित अनुदानाची पद्धत आणली. तीत किती मुले हजर होती आणि तपासनिसांच्या परीक्षेत किती उतरली यावर शाळेला मिळणारी रक्कम ठरत असे. साहजिकच हजेरीपट, दाखलखारीज आणि तपासनिसांचे शेरेबुक यांना हिशेबाच्या वह्यांइतके महत्त्व आले. सरकारी शाळांना अनुदानाची चिंता नसली तरी खात्याची शिस्त त्यांनाही तीच होती. आज शाळांमध्ये ज्याला जनरल रजिस्टर म्हणतात तो या शिस्तीचा वारस असून त्यात सर्वसाधारणपणे अनुक्रमांक, नाव, धर्म व जात, जन्मस्थळ, अंकी व अक्षरी जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल होण्याची तारीख व इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख व कारण आणि वर्तणुकीचा शेरा असे रकाने असतात. विद्यार्थ्याला मिळणारा शाळा सोडल्याचा दाखला हा या रजिस्टरातील एका ओळीचा उतारा असतो. म्हणूनच शाळेतील इतर कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट करता येत असले, तरी जनरल रजिस्टर कायम ठेवावे लागते.

कायम ठेवला जाणारा कागद खरा असतोच असे मात्र नाही, आणि शालेय नोंदवह्या वाचणाऱ्याने हे भान ठेवले पाहिजे. महाराष्ट्रातील जुन्या पिढीत असंख्य माणसांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळा जूनमध्ये भरत असे, पालकांना तारीख सांगता येत नसे आणि गुरुजी वयाचा अंदाज बांधून शाळेच्या प्रारंभाचीच तारीख लिहून टाकीत. अशी तारीख पुढे नोकरी, निवृत्ती आणि निवृत्तिवेतन यांचा आधार झाली. म्हणजे नोंदवहीने वस्तुस्थिती टिपली त्यापेक्षा घडवली अधिक. नावांच्या बाबतीतही हेच होते. घरात हाक मारण्याचे नाव, गावावरून पडलेले नाव, वडिलांनी सांगितलेले आडनाव आणि गुरुजींनी लिहिलेले आडनाव यांतून एक नाव कागदावर पक्के होई आणि तेच जन्मभर टिके.

साताऱ्याच्या नोंदीतील आंबेडकर हे आडनाव या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. कुटुंबाचे मूळ आडनाव सकपाळ होते आणि मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. चरित्रग्रंथांतून रूढ झालेला वृत्तान्त असा की, गावावरून लावलेले आंबडवेकर किंवा आंबावडेकर हे आडनाव उच्चारास अवघड वाटल्याने साताऱ्याच्या शाळेतील आंबेडकर नावाच्या एका ब्राह्मण शिक्षकांनी आपले आडनाव या विद्यार्थ्याला लावले. या शिक्षकांनी भिवाला आपल्या शिदोरीतील अन्न दिल्याचेही सांगितले जाते आणि बाबासाहेबांच्या मनात त्यांच्याविषयी जिव्हाळा होता. तथापि, प्रवेशाच्या नोंदीतच आंबेडकर हे आडनाव आढळते, ही गोष्ट या वृत्तान्ताची कालसंगती तपासण्यास भाग पाडते. आडनाव शाळेत दाखल झाल्यानंतर बदलले असेल तर प्रवेशाच्या ओळीत ते कसे आले, की ते त्याआधीच कुटुंबाने स्वीकारले होते, की नोंद नंतर दुरुस्त झाली, हे प्रश्न मूळ वहीतील शाई, हस्ताक्षर आणि आजूबाजूच्या ओळी पाहूनच सोडवता येतील. छायाचित्रावरून अशा प्रश्नांचा निकाल लागत नाही. एखाद्या दस्तऐवजाची प्रत सर्वत्र उपलब्ध असतानाही मूळ प्रत जपणे का आवश्यक असते, याचे याहून स्पष्ट उत्तर देण्याची गरज नाही.

या नोंदीमागे आणखी एक, तिच्याहून चार दशकांनी जुना कागद उभा आहे. जून १८५६ मध्ये धारवाड येथील सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. धारवाड त्या वेळी मुंबई इलाख्यात होते. प्रकरण मुंबई सरकारपुढे आणि तेथून कलकत्ता व लंडनपर्यंत गेले. एका मुलासाठी शाळा खुली केल्यास बाकीची मुले शाळा सोडतील आणि शाळाच ओस पडेल, अशी भीती अधिकाऱ्यांनी बोलून दाखवली. अखेर १८५८ मध्ये मुंबई सरकारने असे जाहीर केले की, ज्या शाळांचा संपूर्ण खर्च सरकार करते त्या सर्व वर्गांच्या प्रजेला भेदभावाविना खुल्या राहतील. हे सर्व प्रकरण खुद्द डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये सायमन आयोगाला बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने दिलेल्या निवेदनात सविस्तर मांडले आहे. सातारा गव्हर्नमेंट हायस्कूल ही पूर्णपणे सरकारी शाळा होती आणि म्हणून १९०० मध्ये सुभेदारांच्या मुलाचा अर्ज नाकारण्याचा अधिकार तिला नव्हता. क्रमांक १९१४ ची ओळ त्या धोरणाची अंमलबजावणी दाखवते. धारवाडच्या त्या अनाम मुलाला जे मिळाले नाही ते भिवाला मिळाले, ते म्हणजे वहीतली एक ओळ.

परंतु वर्गातली जागा मिळाली नाही, आणि येथेच शालेय दप्तराची मर्यादा उघडी पडते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आत्मकथनपर लेखनात बाबासाहेबांनी साताऱ्यातील शाळेचे जे वर्णन केले आहे त्यानुसार त्यांना वर्गात इतरांपासून दूर, एका कोपऱ्यात बसावे लागे. बसण्यासाठी गोणपाटाचा एक तुकडा असे आणि शाळेची झाडलोट करणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावायला तयार नसल्याने तो रोज संध्याकाळी घरी न्यावा आणि सकाळी पुन्हा आणावा लागे. पाण्याची व्यवस्था त्याहून कठोर होती. इतर मुले तहान लागली की नळाशी जाऊन पाणी पीत. या मुलाला मात्र शिक्षकांची परवानगी पुरेशी नसे, कोणीतरी स्पृश्य माणसाने, प्रत्यक्षात शाळेच्या शिपायाने, नळ सोडून द्यावा लागे आणि शिपाई नसेल त्या दिवशी तहानेले राहावे लागे. याच लेखनात १९०१ सालच्या त्या प्रसिद्ध प्रवासाचेही वर्णन आहे, ज्यात खटाव तालुक्यातील दुष्काळी कामावर रोखपाल असलेल्या वडिलांना भेटण्यासाठी निघालेल्या मुलांना मसूर स्थानकावर उतरल्यानंतर गाडीवानांनी गाडी नाकारली आणि रात्रभर पाणी मिळाले नाही. हे सर्व घडत असताना शाळेच्या हजेरीपटात त्या मुलाच्या नावापुढे इतर मुलांसारखीच हजेरीची खूण होत असणार. हजेरीपटाला कोपरा दिसत नाही, आणि तहानेचा रकाना कोणत्याही नोंदवहीत नसतो.

तो गोणपाट आज कोणत्याही संग्रहालयात नाही. तो शाळेची वस्तू कधी नव्हताच. शाळेने तो आपल्या भिंतींच्या आत रात्रभर राहूही दिला नाही. साताऱ्याच्या शाळेच्या इतिहासातील ही सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हटली पाहिजे, आणि ती केवळ तिच्या वापरकर्त्याच्या लेखनातून आपल्यापर्यंत पोहोचली आहे. म्हणून नोंदवही आणि आत्मकथन ही दोन साधने एकत्र वाचावी लागतात. नोंदवही नसती तर प्रवेशाचा दिवस, इयत्ता आणि नाव यांविषयी आठवणींवरच विसंबावे लागले असते. आत्मकथन नसते तर नोंदवहीने समतेचा एक खोटा देखावा उभा केला असता. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्येही असेच घडले. तेथे संस्कृतची वाट बंद झाल्यामुळे त्यांना फारसी ही दुसरी भाषा घ्यावी लागली. शाळेच्या किंवा परीक्षेच्या कागदात ‘फारसी’ एवढा शब्द येईल, पण ती निवड होती की नाइलाज होता, हे कागद सांगणार नाही. ज्यांनी शालेय दप्तरांच्या आधारे सामाजिक इतिहास लिहावयाचा आहे त्यांनी प्रत्येक रकान्याबरोबर न लिहिलेल्या रकान्याचाही शोध घेतला पाहिजे.

हे साधन हाताशी असणे हेही भाग्याचेच आहे, याची जाणीव पुण्याच्या उदाहरणावरून होते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये भिडे वाड्यात सुरू केलेल्या मुलींच्या शाळेचा आणि त्यानंतरच्या त्यांच्या इतर शाळांचा इतिहास शाळेच्या स्वतःच्या दप्तरावरून लिहिता येत नाही. तो तत्कालीन वृत्तपत्रे, सरकारी पत्रव्यवहार, परीक्षांचे छापील वृत्तान्त आणि १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी दिलेले निवेदन यांतून जुळवावा लागतो. या शाळांतील मुक्ता साळवे या विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध आज उपलब्ध आहे, तोही ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने १८५५ मध्ये छापल्यामुळे. त्या वर्गात तिच्या शेजारी कोण बसत होते, किती मुली वर्षभर टिकल्या, किती मध्येच थांबल्या, हे सांगणारी वही हाती नाही. स्वतः भिडे वाड्याची जुनी वास्तूही राष्ट्रीय स्मारकाच्या उभारणीसाठी डिसेंबर २०२३ मध्ये उतरवण्यात आली. दुसरीकडे राजकोट येथील काठियावाड हायस्कूलचे, म्हणजे पुढच्या आल्फ्रेड हायस्कूलचे दप्तर टिकले. महात्मा गांधी १८८० मध्ये या शाळेत दाखल झाले आणि १८८७ मध्ये तेथून मॅट्रिक झाले. शाळेच्या नोंदींच्या आधारे त्यांच्या विद्यार्थिदशेवर एक स्वतंत्र पुस्तक १९६५ मध्ये प्रसिद्ध होऊ शकले, आणि मोहनदास हा सामान्य गुण मिळवणारा विद्यार्थी होता या त्यांच्या स्वतःच्या कथनाला गुणांच्या आकड्यांची जोड मिळाली. ती शाळा २०१७ मध्ये बंद झाली आणि २०१८ मध्ये तिच्या इमारतीत गांधींचे संग्रहालय सुरू झाले.

थोर व्यक्तींच्या नोंदींमुळेच जुन्या नोंदवह्यांना किंमत येते, अशी समजूत मात्र हानिकारक आहे. एका प्रसिद्ध नावाचे पान काचेखाली ठेवले जाते आणि त्याच वहीची उरलेली शेकडो पाने दुर्लक्षित राहतात. वास्तविक क्रमांक १९१४ चे महत्त्व क्रमांक १९१३ आणि १९१५ यांच्या सोबतीनेच कळू शकते. एका दशकात साताऱ्याच्या हायस्कूलमध्ये कोणकोणत्या जातींची, किती गावांची, कोणत्या व्यवसायांतील पालकांची मुले आली, प्लेगच्या आणि दुष्काळाच्या वर्षांत किती मुलांनी शाळा सोडली, आणि सोडताना कोणते कारण लिहिले गेले, या माहितीवरून एका जिल्ह्याच्या सामाजिक घडणीचा असा आलेख निघू शकतो की जो दुसऱ्या कोणत्याही साधनातून निघणार नाही. महाराष्ट्रात शंभरी ओलांडलेल्या असंख्य शाळा आहेत. त्यांच्या नोंदवह्या एकत्रितपणे अभ्यासल्या गेल्या तर शिक्षणाच्या प्रसाराविषयीची अनेक ठाम विधाने बदलावी लागतील, असे मानण्यास पुष्कळ जागा आहे.

सर्वसामान्य माणसाला या वह्यांचे मोल इतिहासकारांनी नव्हे तर जात पडताळणीने शिकवले. आरक्षणाचा लाभ घेण्यासाठी जातीचा दावा सिद्ध करताना अर्जदाराला आपल्या कुटुंबाचे जुने पुरावे द्यावे लागतात, आणि त्यासाठी मानीव दिनांक ठरलेले आहेत : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांपूर्वीचा पुरावा म्हणून आजोबा-पणजोबांच्या शाळेतील नोंद सर्वांत विश्वसनीय मानली जाते. २०२३ मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली तेव्हा महसूल, जन्ममृत्यू आणि इतर खात्यांच्या कागदांबरोबर शाळांची जुनी दप्तरेही गावोगाव उघडली गेली आणि लाखो नोंदी तपासून निघाल्या. त्या वेळी एक जुनी उणीव समोर आली. पुष्कळ जुने कागद मोडी लिपीत होते. मोडी ही मराठीच्या जलद लेखनासाठी वापरली जाणारी वळणदार लिपी असून तीत आधी ओळभर शिरोरेषा ओढून तिच्याखाली, शक्यतो हात न उचलता, अक्षरे लिहीत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळांतून शिकवली जात होती, नंतर ती अभ्यासक्रमातून गेली आणि दोन पिढ्यांत तिचे वाचक इतके विरळ झाले की प्रशासनाला मोडी जाणकार शोधावे लागले. जातीचा जो रकाना एकेकाळी मुलाला कोपऱ्यात बसवण्यास उपयोगी पडला असेल, तोच रकाना आज त्याच्या नातवंडांना हक्क मिळवून देतो. म्हणून नोंदवहीतील जातीचा उल्लेख पुसून टाकावा किंवा प्रकाशित प्रतीतून गाळावा, ही सद्हेतूने केली जाणारी सूचना इतिहास आणि न्याय या दोन्हींच्या विरुद्ध जाते.

आता या वह्या प्रत्यक्ष कशा नष्ट होतात हे पाहणे आवश्यक आहे, कारण त्यांचा शत्रू नेहमीच आग किंवा पूर नसतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्यापासून यंत्राने बनवलेला स्वस्त कागद सर्वत्र आला. त्याला शाई फुटू नये म्हणून तुरटी आणि राळ यांचे लेपन केले जाई. त्यातील आम्लामुळे असा कागद काळानुसार तांबूस आणि ठिसूळ होतो व घडीवर तुटतो. त्याहून जुना, जुन्नर किंवा दौलताबादकडचा हातकागद अनेकदा आजही मऊ आणि मजबूत असतो, त्यामुळे पेशवाईतील पत्र सुस्थितीत आणि इंग्रजी अमदानीतील रजिस्टर चुरा झालेले, असे दृश्य अभिलेखागारांत दिसते. शाईचाही प्रश्न आहे. काजळ आणि डिंक यांपासून केलेली देशी शाई कागदाला इजा करीत नाही. हिराकस आणि मायफळ यांपासून बनणारी, कचेऱ्यांत रूढ झालेली लोहयुक्त शाई मात्र आम्लधर्मी असल्याने दाट अक्षरांच्या जागी कागद जाळते आणि कालांतराने अक्षराच्या आकाराचे भोक उरते. साताऱ्यासारख्या पावसाळी गावांत दमट हवा, बुरशी, कसर आणि वाळवी यांची भर पडते.

यावर केले जाणारे घरगुती उपाय पुष्कळदा रोगापेक्षा घातक ठरतात. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावली की काही वर्षांत तिचा गोंद पिवळा पडून अक्षरांत उतरतो. महत्त्वाचे पान प्लॅस्टिकमध्ये उष्णतेने बंदिस्त करणे हा तर शाळांमधील आवडता उपाय आहे, आणि तो सर्वांत वाईट आहे; कारण तो परत उलटवता येत नाही, आतील आम्ल कोंडले जाते आणि कागद आतल्या आत क्षीण होत राहतो. दस्तऐवज जतनाच्या शास्त्रातील मूलभूत तत्त्व असे की, केलेला प्रत्येक उपचार पुढे गरज पडल्यास काढून टाकता आला पाहिजे. म्हणून प्रशिक्षित माणसे आधी पानातील आम्ल कमी करतात, फाटलेल्या जागी लांब धाग्यांचा पातळ जपानी कागद पिठाच्या खळीने लावतात आणि पाने आम्लविरहित कागदाच्या पेटीत आडवी ठेवतात. हे काम महाग आहे, पण पहिल्या पायऱ्या महाग नाहीत. वही जमिनीपासून उंच, भिंतीपासून दूर, थेट उन्हाबाहेर ठेवणे, ओल्या किंवा तेलकट हातांनी न हाताळणे, रोजच्या दाखल्यांसाठी मूळ वही उघडण्याऐवजी तिची प्रत वापरणे, एवढ्यानेही तिचे आयुष्य पुष्कळ वाढते.

अंकीकरण, म्हणजे पानांची संगणकीय छायाचित्रे घेणे, हे त्यापुढचे काम असून ते मूळ वही टाकून देण्याचे कारण होऊ नये. आडनावाच्या प्रश्नात दिसले त्याप्रमाणे शाईतील फरक आणि दुरुस्तीच्या खुणा शेवटी मूळ पानावरच तपासाव्या लागतात. शिवाय अलीकडच्या वह्यांतील नोंदी हयात माणसांच्या असतात. त्यांची जात, पत्ता आणि पालकांची माहिती सरसकट सर्वांसाठी खुली करणे योग्य नाही, आणि किती वर्षांपूर्वीच्या नोंदी अभ्यासकांना पाहू द्याव्यात याचा नियम शाळांनी एकेकट्याने नव्हे तर शिक्षणखात्याने ठरवून दिला पाहिजे. राज्यात महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ अस्तित्वात आहे. १८२१ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या दप्तरखान्याचा वारसा चालवणारे पुराभिलेख संचालनालय आहे, पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे त्याची कार्यालये आहेत. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ यांच्यासारख्या संस्थांकडे जुना कागद हाताळण्याचा अनेक दशकांचा अनुभव आहे. ज्ञान उपलब्ध आहे. ते शाळेच्या कपाटापर्यंत पोहोचत नाही, आणि याचे मुख्य कारण असे की शालेय नोंदवही हा अभिलेख आहे असे शाळा, खाते आणि समाज यांपैकी कोणीच पुरेशा गांभीर्याने मानत नाही.

साताऱ्याच्या वहीला तो मान मिळाला आहे. साताऱ्यातील कार्यकर्त्यांनी ७ नोव्हेंबर हा बाबासाहेबांचा शाळा प्रवेश दिन म्हणून साजरा करण्यास आरंभ केला आणि त्यांच्या प्रयत्नांतून २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने हा दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करण्याचा निर्णय घेतला. एका नोंदवहीतील एका ओळीच्या तारखेवरून राज्यातील सर्व शाळांचा एक दिवस ठरला. या दिवशी शाळांतून निबंध, वक्तृत्व आणि व्याख्याने होतात, आणि ती व्हावीत. त्यांच्या जोडीला प्रत्येक जुन्या शाळेने त्या दिवशी आपले कपाट उघडावे, असलेल्या नोंदवह्या, हजेरीपट, शेरेबुके आणि जुने नकाशे यांची वर्षवार यादी करावी, कोणती वही कोणत्या अवस्थेत आहे ते त्या यादीत लिहावे आणि यादीची एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांकडे व एक पुराभिलेख संचालनालयाकडे पाठवावी. माजी विद्यार्थ्यांच्या संघांनी नव्या प्रवेशद्वारासाठी वर्गणी गोळा करण्यापूर्वी या वह्यांसाठी आम्लविरहित पेट्यांचा खर्च उचलावा. कोठून सुरुवात करावी, असे ज्या मुख्याध्यापकांना वाटत असेल त्यांनी सर्वांत जुन्या जनरल रजिस्टरच्या पहिल्या पानापासून करावी.